मचाणावर बसताना पाय कोरडे आणि गरम ठेवायचे तर: विस्कॉन्सिनच्या हरीण-हंगामात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. मॅडिसन, मिलवॉकी किंवा पलीकडे मिनियापोलिसला राहणाऱ्या मराठी माणसाला कधी ना कधी ऑफिसातला सहकारी नाहीतर शेजारी विचारतोच, "या वर्षी येतोस का आमच्याबरोबर?" भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषय आपल्या आयुष्यातून गेला. त्यामुळे हो म्हणणाऱ्याच्या मनात पहिली धास्ती असते ती बंदुकीची. प्रत्यक्षात सकाळी नऊच्या सुमारास त्याला मचाणावरून खाली उतरायला लावतात ती पायांची बोटं.

बंदुकीपुरती काळजी सरकार घेतं. १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना इथे सहसा हंटर एज्युकेशनचा कोर्स केल्यावरच परवाना मिळतो. (एच-वनसारख्या व्हिसावर असाल तर एक गोष्ट आधीच बघून ठेवा. संघराज्याच्या कायद्याने अशा व्यक्तीला एरवी बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना हा त्याला अपवाद आहे. म्हणून परवाना हातात येईपर्यंत मित्राची बंदूकही हातात घेऊ नका.) पायांचा कोर्स मात्र कुणी घेत नाही, आणि जुन्या शिकाऱ्यांना हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सांगायचं त्यांच्या लक्षातच येत नाही.

पाय गारठतात कशाने

उत्तर विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरच्या शेवटी पहाटे उणे पाच ते उणे दहा सेल्सिअस ही नेहमीची गोष्ट. एखाद्या वर्षी पारा उणे पंधराला जातो, तर एखाद्या वर्षी अधिक तीन असतो आणि वरून पाऊस. नवख्याला उणे पंधराची भीती वाटते. पायांच्या दृष्टीने तो अधिक तीनचा पाऊसच जास्त वाईट, कारण खरा शत्रू ओल आहे. पाणी उष्णता वाहून नेतं ते स्थिर हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने. बूट आणि मोजे पाय गरम ठेवतात ते धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेच्या जोरावर. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की बूट कितीही महागाचा असो, उपयोग नाही.

आणि हे पाणी बऱ्याचदा बाहेरून आलेलं नसतं. दोन पायांत मिळून घामाच्या ग्रंथी सुमारे अडीच लाख. अंधारात तासभर भराभर चालत मचाणापर्यंत पोचलात की मोजे आतून ओले झालेले असतात. चालताना ते कळत नाही, कारण चालताना पाय गरम असतात. बसल्यावर अर्ध्या तासाने कळतं, आणि तेव्हा आपण म्हणतो की बूट चांगले नाहीत.

दुसरं कारण रक्ताचं. घरात पैसा कमी पडायला लागला की आधी नाटक-सिनेमा बंद होतो, किराणा नाही. शरीरही तसंच करतं: छाती-पोट थंड पडायला लागलं की हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. म्हणून पायांचा इलाज पुष्कळदा डोक्यावर आणि अंगावर असतो. तिसरं कारण तळव्याखालची जमीन, किंवा मचाणाचा लोखंडी पत्रा, जो दिवसभर तुमच्या पायातली ऊब खाली ओढत राहतो.

बूट: हंगामाच्या महिनाभर आधी

दुकानात तीन प्रकार दिसतील.

पहिला, घोट्याच्या वरपर्यंत येणारा चामड्याचा बूट, आत पाणी अडवणारा गोअर-टेक्ससारखा पडदा आणि थोडं अस्तर. चालायला उत्तम. पण एक गैरसमज काढून टाका: तो पडदा ऊब देत नाही. तो फक्त पाणी अडवतो आणि घामाची वाफ थोडीफार बाहेर सोडतो. बाहेरचं चामडं भिजून चिंब झालं की वाफ सोडणंही जवळपास थांबतं. म्हणून अशा बुटाला मेण किंवा कंपनीने सांगितलेलं जलरोधक मलम वेळोवेळी लावावं लागतं.

दुसरा, गुडघ्यापर्यंतचा रबरी बूट. दलदलीत, ओढ्यात याला तोड नाही. रबराला माणसाचा वास कमी लागतो म्हणूनही शिकारी तो पसंत करतात, कारण हरणाचं नाक हा या खेळातला सगळ्यात मोठा अडसर. पण रबर घाम बाहेर जाऊ देत नाही. यात पाय बाहेरून कधीच भिजत नाहीत आणि आतून हमखास भिजतात.

तिसरा, पॅक बूट: खाली रबर, वर चामडं किंवा जाड कापड, आणि आत दाबलेल्या लोकरीचा, म्हणजे नमद्यासारखा, काढता-घालता येणारा आतला बूट. ही रबर-चामड्याची जोडी जुनी आहे. मेन राज्यातला लिऑन लिऑनवुड बीन हा स्वतः शिकारी. ओल्या पायांनी घरी यायला कंटाळून त्याने रबरी तळाला चामड्याचा वरचा भाग शिवून घेतला आणि १९१२मध्ये टपालाने असे बूट विकायला काढले. पहिल्या शंभर जोड्यांपैकी नव्वद शिवण फाटून परत आल्या. त्याने सगळ्यांचे पैसे परत केले आणि बूट सुधारला. एल. एल. बीन ही कंपनी त्यातून उभी राहिली.

माझं मत विचाराल तर एकच जोडी घ्यायची असेल तर बसण्यासाठी पॅक बूट घ्या, आणि चालत जायला घरातले साधे ट्रेकिंगचे बूट वापरा. दोन्ही कामं एका बुटाकडून करून घेण्याच्या हट्टात बहुतेकांचे पैसे जातात.

अस्तराचे आकडे 'ग्रॅम'मध्ये लिहिलेले असतात: २००, ४००, ८००, १०००, १२००. हे बुटाचं वजन नव्हे, एक चौरस मीटर अस्तराचं वजन आहे. चालत फिरणार असाल तर २०० ते ४०० पुरे. तासन्‌तास बसणार असाल तर ८०० किंवा १०००च्या पुढे. हजार ग्रॅमचा बूट घालून दोन मैल चालणं म्हणजे घामाला आमंत्रण. डब्यावर 'उणे चाळीसपर्यंत' असं काही छापलेलं असेल तर त्यावर फार विसंबू नका. तो आकडा हालचाल करणाऱ्या माणसाचा आहे की सहा तास ढिम्म बसणाऱ्याचा, हे डब्यावर नसतं.

मापाचं मात्र मनावर घ्या. बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. जे जाड मोजे जंगलात घालणार तेच घालून बघा. नेहमीपेक्षा अर्धं ते एक माप मोठं लागेल. उभं राहून आत पाचही बोटं मोकळी हलली पाहिजेत. घट्ट बुटात रक्त नीट फिरत नाही आणि अस्तर दाबलं जाऊन त्यातली हवाही निघून जाते. जागा असेल तर लोकरीचा किंवा फेल्टचा जादा सुखतळा घाला. ऊब वरून जाते त्याहून जास्त तळव्यातून जाते, आणि तळव्याखालचं अस्तरच तुमच्या वजनाने सगळ्यात आधी चपटं होतं.

मोजे

सुती मोजे घरी ठेवा. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं. मेरिनो लोकर (मेरिनो जातीच्या मेंढीची मऊ, बारीक लोकर) स्वतःच्या वजनाच्या साधारण तीस टक्के ओल शोषूनही हाताला ओली लागत नाही, आणि भिजल्यावरही थोडी ऊब देते. चांगल्या जोडीला वीस-पंचवीस डॉलर पडतात. या सगळ्या खरेदीतले ते सर्वात सार्थकी लागलेले पैसे समजा. मामीने किंवा आजीने विणून पाठवलेले मोजे असतील तर लेबल नसतं, त्यामुळे एक लक्षात ठेवा: आपल्याकडे बाजारात लोकर म्हणून मिळणारा धागा पुष्कळदा अ‍ॅक्रिलिक असतो. तो सुतापेक्षा बराच बरा, पण मेरिनोची बरोबरी नाही. कॅम्पवर संध्याकाळी घालायला तो झकास.

मांडणी सोपी: आत पातळ मोजा (पातळ मेरिनो किंवा पॉलिप्रॉपिलीन हा कृत्रिम धागा), त्यावर एक जाड लोकरीचा. बस. तिसरा मोजा चढवलात तर बूट घट्ट होणार आणि पाय जास्त गार पडणार. हे पटायला कठीण जातं, पण दोन पायांत दोन वेगळे प्रकार घालून घराच्या अंगणात तासभर बसा, आपोआप पटेल.

दिवसाला तीन जोड्या लागतात: गाडीत घालायची, चालायची आणि बसायची. बसायची जोडी प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत, कोरडी.

पारा खूपच खाली असेल, म्हणजे उणे पंधराच्या आसपास, तर इथले जुने लोक एक युक्ती करतात. पातळ मोज्यावर पावाची रिकामी प्लास्टिक पिशवी घालायची आणि त्यावर जाड मोजा. घाम पिशवीच्या आत अडकतो, पाय थोडा दमट राहतो, पण जाड मोजा आणि बूट कोरडे राहतात आणि ऊब टिकते. अमेरिकी सैन्याने कोरियन युद्धाच्या काळात काढलेले, सैनिकांनी 'मिकी माउस' असं नाव ठेवलेले फुगीर रबरी बूट याच तत्त्वावर चालतात: त्यांचं अस्तर दोन रबरी थरांच्या मध्ये बंद असतं, ना बाहेरचं पाणी पोचत, ना आतला घाम. मात्र या युक्तीत कातडी तासन्‌तास ओली राहते. दुपारी पाय बाहेर काढून कोरडे करणार असाल तरच करा.

आदल्या रात्री

बूट गाडीत किंवा गॅरेजमध्ये ठेवू नका, घरात आणा. गोठलेला बूट पायाने गरम करायला लागणं म्हणजे सुरुवातीलाच हार. ज्यांच्या तळव्यांना फार घाम येतो त्यांनी हंगामाआधी काही रात्री तळव्यांना अँटिपर्स्पिरंट लावून बघावं. नुसता सुगंधी डिओडरंट नव्हे, घाम रोखणारा, आणि बिनवासाचा. खाज किंवा पुरळ आलं तर बंद.

रात्रीचं आणि पहाटेचं नीट खा. तूप घातलेला शिरा, पराठे, अंडी, काहीही, पण उपाशी पोटी जाऊ नका. शरीराला ऊब करायला इंधन लागतं.

चालत जाताना

सगळा खेळ इथे ठरतो, म्हणून इथे घाई करू नका.

शिकारीची वेळ सूर्योदयाआधी अर्धा तास सुरू होते. त्या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे साडेसहाला तुम्ही जागेवर शांत बसलेले हवे. नवखा उशिरा निघतो, मग धावत-पळत जातो आणि घामाने निथळत पोचतो. जितका वेळ लागेल असं वाटतं त्याच्या दीडपट वेळ हातात ठेवा.

गाडी चालवताना जंगलाचे बूट घालू नका. हीटरचा झोत थेट पायांवर येतो आणि उतरायच्या आधीच मोजे ओले होतात. जागेवर पोचल्यावर चालायचे बूट घाला, बसायचे बूट नाड्या एकत्र बांधून पाठीच्या पिशवीला लटकवा. जाड जॅकेट आणि जाड पँटही पिशवीतच. निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. निघतानाच छान ऊबदार वाटत असेल तर दहा मिनिटांत तुम्हाला घाम येणार. टोपी काढा, चेन उघडा. मात्र जॅकेट काढलं तरी नारिंगी सुटता कामा नये: इथल्या नियमाप्रमाणे कमरेच्या वरच्या बाहेरच्या कपड्यांचा निदान अर्धा भाग भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी लागतो, टोपी घातली तर तिचाही. म्हणून वरून घालायचं सुटसुटीत नारिंगी जाकीट वेगळं ठेवा, ते कशावरही चढतं.

गवतावर दव किंवा बर्फ असेल तर गेटर, म्हणजे बुटापासून पोटरीपर्यंत गुंडाळायचं जलरोधक आवरण, बांधा. पँटचे पाय ओले झाले की पाणी हळूहळू मोज्यांतून खाली उतरतं, बूट कितीही जलरोधक असला तरी. दलदलीवर नोव्हेंबरात जो बर्फ दिसतो त्यावर विश्वास ठेवू नका. वरून पांढरा आणि घट्ट दिसतो, पण पाय ठेवला की मोडतो. टॅमरॅकच्या झाडांची दलदल वळसा घालून टाळता येत असेल तर तो वळसा आदल्या दिवशी उजेडात बघून ठेवा.

मचाणाच्या बुंध्याशी पोचलात की वर चढायच्या आधी थांबा. पिशवीवर बसा, दोन-चार मिनिटं श्वास खाली येऊ द्या. मग चालायचे बूट-मोजे काढा, लहान टॉवेलने पाय आणि बोटांच्या बेचक्या पुसा, कोरडे मोजे आणि बसायचे बूट घाला. उणे आठमध्ये उघडे पाय करायला जिवावर येतं खरं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. ओले मोजे पिशवीत भरा. आता जॅकेट घाला, सेफ्टी हार्नेस (पडू नये म्हणून झाडाला अडकवायचा अंगावरचा पट्टा) बांधा आणि चढा. बंदूक गोळ्या काढलेली, दोरीने नंतर वर ओढून घ्यायची.

बसल्यावर

पायांखाली काहीतरी घाला. बंद पोकळ्यांच्या फोमचा तुकडा (जुन्या ट्रेकिंग मॅटचा चालतो), गालिचाचा तुकडा, काहीच नसेल तर जाड पुठ्ठा. मचाणाच्या जाळीदार लोखंडी पायरीवर तर हे हवंच, तिथे खालून वाराही लागतो. गालिच्याने बुटांचा आवाजही दबतो.

बुटाच्या वरच्या नाड्या सैल करा. उतरताना पुन्हा आवळायला विसरू नका.

बुटांवरून चढवायच्या ऊबदार पिशव्या मिळतात, म्हणजे बुटांसाठी छोटी रजईच. बसून राहणाऱ्यासाठी माझ्या मते महागड्या बुटापेक्षा साधा बूट आणि या पिशव्या जास्त कामाच्या. त्या घालून चढू-उतरू मात्र नये.

दर काही मिनिटांनी बुटाच्या आत बोटं मुठीसारखी आवळा आणि सोडा. टाचा दाबा, पोटऱ्या आवळा. बाहेरून काहीच हालचाल दिसत नाही, रक्त मात्र फिरतं. डोक्यावर लोकरीची टोपी, गळ्याभोवती पट्टा. पाय गार वाटले की आधी मान तपासा.

ऊब देणाऱ्या पुड्यांबद्दल थोडं. त्यांच्यात लोखंडाची पूड, मीठ, कोळशाची पूड असते. हवा लागली की लोखंड गंजतं आणि त्या क्रियेत उष्णता सुटते. म्हणजे त्यांना ऑक्सिजन हवा, आणि बंद रबरी बुटात तो फारसा नसतो. म्हणून पायांसाठी वेगळ्या बनवलेल्या पुड्या घ्या, दहा-पंधरा मिनिटं आधी उघडा, आणि मोज्याच्या बाहेरून चिकटवा, कातडीवर कधीच नाही. पुडीमुळे बूट घट्ट होत असेल तर फायद्यापेक्षा तोटा जास्त. बॅटरीचे मोजे चांगले, पण थंडीत बॅटरी लवकर उतरते. सुरुवातीपासून मंद ठेवा.

सिगारेट आणि तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात. दारूने उलटं होतं, कातडीला गरम वाटतं आणि अंगातली ऊब बाहेर जाते. बंदूक जवळ असताना ती नकोच, कायद्यानेही नाही.

कधी उतरायचं

बोटं दुखतात, झिणझिणतात तोवर ती जिवंत आहेत. दुखणं थांबलं आणि बोटं गरम न होताच 'बरं वाटायला' लागलं, तर ते बरं नाही. उतरा. चालल्याने पाच-दहा मिनिटांत संवेदना परत आली तर ठीक.

कातडी पांढरट-पिवळट, मेणचट, टणक दिसली तर तो हिमदंश असू शकतो. चोळू नका, बर्फ तर अजिबात लावू नका. शेकोटीजवळ धरू नका, बधिर पायाला भाजल्याचं कळत नाही. उबदार जागी जाऊन ३७ ते ३९ अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाय ठेवा आणि दवाखाना गाठा. पुन्हा गोठण्याची किंवा त्या पायांवर बरंच चालण्याची शक्यता असेल तर आधी शेकू नका, आधी बाहेर पडा. शून्याच्या वर असतानाही तासन्‌तास ओल्या बुटात राहून पायाला इजा होते. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांचे पाय असेच सडले.

मधुमेह असणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं, आणि आपल्याकडे तो घरोघरी आहे. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल तर 'दुखेपर्यंत बसू' हा हिशेब तुम्हाला लागू नाही, कारण दुखणारच नाही. उष्णतेच्या पुड्या आणि बॅटरीचे मोजे टाळा. दर दोन तासांनी खाली उतरून पाय डोळ्यांनी बघा. आणि जायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

कॅम्पवर परतल्यावर

दुपारी जेवायला आलात तरी बूट काढाच. संध्याकाळी आतला लोकरी बूट आणि सुखतळा बाहेर काढून वेगवेगळे वाळत घाला. शेगडीपाशी बूट ठेवू नका, चामडं तडकतं आणि तळाचा गोंद सुटतो. चुरगळलेला वर्तमानपत्राचा कागद आत भरा, तासाभराने बदला. वीज असेल तर मंद गरम हवेचा बूट-ड्रायर. तंबूत असाल तर आतला बूट स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. आतल्या बुटाची दुसरी जोडी घेऊन ठेवली तर आलटून-पालटून वापरता येते, नऊ दिवसांच्या हंगामात ही चैन वाटत नाही.

हंगाम संपला की रबरी बूट धुऊन, उन्हापासून दूर ठेवा, उन्हाने रबराला भेगा पडतात. गळका बूट ओळखायचा तर आत पाणी भरून वर्तमानपत्रावर उभा करा आणि डाग कुठे पडतो ते बघा. हे उन्हाळ्यात करा. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तुमच्या मापाचा बूट दुकानात नसतो.